बदलीचा आदेश आणि गर्भपाताचा कायदा: अमेरिकी सैन्यातील वाद नेमका काय आहे

अमेरिकेच्या सैन्यात भरती झालेल्या व्यक्तीला आपण कुठे राहावे हे स्वतः ठरवता येत नाही. पसंतीचे तळ कळवता येतात, परंतु शेवटी आदेश येईल तिथे बिऱ्हाड हलवावे लागते. आणि तो आदेश टेक्सासचा असो, अलाबामाचा असो किंवा कॅलिफोर्नियाचा, ठरलेल्या दिवशी तिथे हजर न होणे हा लष्करी कायद्याने गुन्हा आहे. एरवी ही नोकरीच्या अटींमधली एक अट वाटली असती. परंतु २४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डॉब्ज खटल्याचा निकाल दिला, रो विरुद्ध वेड या १९७३ च्या निकालाने गर्भपाताला मिळालेले घटनात्मक संरक्षण काढून घेतले आणि हा विषय राज्याराज्यांच्या विधिमंडळांकडे सोपवला. त्या दिवसापासून सैन्यातील स्त्रीच्या हाती पडणारा बदलीचा आदेश, तिच्या गरोदरपणाला कोणता कायदा लागू होणार हेही ठरवू लागला.

भारतातील वाचकाला ही अडचण चटकन जाणवत नाही, कारण आपल्याकडे १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आणि त्यातील २०२१ ची दुरुस्ती देशभर लागू आहे. कोल्हापूरहून बेळगावला गेल्याने या बाबतीतला हक्क बदलत नाही. अमेरिकेत मात्र डॉब्जनंतर टेक्सास, अलाबामा, लुइझियाना, मिसिसिपी, टेनेसी, केंटकी, ओक्लाहोमा अशा अनेक राज्यांत गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली आणि जॉर्जियात सुमारे सहा आठवड्यांनंतर तो बेकायदा ठरला. याच राज्यांत अमेरिकेचे काही अत्यंत मोठे लष्करी तळ आहेत. टेक्सासमध्ये फोर्ट हूड आणि सॅन अँटोनिओचा संयुक्त तळ, केंटकी व टेनेसीच्या सीमेवर फोर्ट कॅम्पबेल, ओक्लाहोमात फोर्ट सिल, मिसिसिपीत कीसलर हवाई तळ. निकालानंतर रँड या संशोधन संस्थेने असा अंदाज मांडला की अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सेवेत असलेल्या सुमारे ४० टक्के सैनिक स्त्रियांना आता गर्भपाताची सेवा एक तर मिळणार नाही किंवा अत्यंत मर्यादित प्रमाणात मिळेल. आकड्यात सांगायचे तर सुमारे ८० हजार स्त्रिया.

इथे एक प्रश्न स्वाभाविक आहे. सैन्याची स्वतःची रुग्णालये आहेत, स्वतःचे डॉक्टर आहेत, तळाची जमीन केंद्र सरकारची आहे. मग राज्याच्या कायद्याने एवढा फरक का पडावा? त्याचे उत्तर असे की लष्करी रुग्णालयांचा दरवाजा राज्यांनी बंद केलेला नाही. तो अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, डॉब्जच्या कितीतरी आधी बंद केला होता. हा इतिहास समजल्याशिवाय सैन्याच्या प्रवासखर्चाच्या धोरणावरून २०२३ मध्ये झालेला संघर्ष समजत नाही, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

गर्भपात करा किंवा नोकरी सोडा

आज अनेकांना आश्चर्य वाटेल, पण एके काळी अमेरिकेच्या सैन्यात नेमकी उलट सक्ती होती. १९५१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काढलेल्या आदेशानुसार गरोदर राहिलेल्या किंवा आई झालेल्या स्त्रीला सैन्यातून काढून टाकता येत असे. १९७० साली संरक्षण खात्याने लष्करी रुग्णालयांत गर्भपाताची परवानगी दिली, तेव्हा देशातील बहुतेक राज्यांत तो अजून गुन्हा होता. १९७१ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ही मोकळीक मागे घेऊन देशातील तळांनी त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे वागावे असे सांगितले.

या मधल्या काळातच कॅप्टन सुझन स्ट्रक यांचे प्रकरण घडले. हवाई दलात परिचारिका असलेल्या स्ट्रक १९७० मध्ये व्हिएतनाममध्ये सेवेत असताना गरोदर राहिल्या. हवाई दलाचा नियम स्पष्ट होता: गरोदरपण निश्चित झाले की अधिकाऱ्याने सेवा सोडायची, मात्र त्याआधी गर्भपात करून घेतला तर नोकरी टिकेल. स्ट्रक कॅथलिक होत्या आणि गर्भपात त्यांना मान्य नव्हता. साठलेल्या रजेत बाळंतपण उरकू, मूल दत्तक देऊ आणि कामावर परत येऊ, एवढीच त्यांची मागणी होती. त्यांनी त्याप्रमाणे मूल दत्तक दिलेही, तरीही हवाई दल त्यांना काढून टाकण्यावर ठाम राहिले. खालच्या न्यायालयांत त्या हरल्या. त्यांचे वकीलपत्र रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्याकडे होते, ज्या पुढे स्वतः सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकण्याचे मान्य केले. पण सुनावणी होण्याआधीच हवाई दलाने स्ट्रक यांना काढण्याचा आदेश मागे घेतला, आणि वादच उरला नाही म्हणून खटला निकाली निघाला. महिन्याभरातच रो विरुद्ध वेडचा निकाल आला. मूल जन्माला घालायचे की नाही या निर्णयात सरकारने दोन्ही बाजूंनी हात घालू नये, हे तत्त्व प्रस्थापित करण्यासाठी स्ट्रक यांचा खटला अधिक योग्य ठरला असता असे गिन्सबर्ग यांना पुढेही वाटत राहिले.

मला हे प्रकरण या साऱ्या वादाच्या मुळाशी जाणारे वाटते. ज्या संस्थेने एका स्त्रीपुढे गर्भपात किंवा नोकरी असा पर्याय ठेवला, त्याच संस्थेच्या रुग्णालयांना काही वर्षांतच गर्भपात करण्यास मनाई झाली. दोन्ही वेळा निर्णय सैनिक स्त्रीने घेतलेला नव्हता.

रो निकालानंतर काही वर्षे सैन्याच्या आरोग्ययोजनेतून गर्भपाताचा खर्च दिला जात होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस काँग्रेसने वार्षिक निधीच्या विधेयकांतून त्यावर मर्यादा आणली आणि १९८४ मध्ये ती कायमच्या कायद्यात घातली: आईच्या जीवाला धोका असेल तरच संरक्षण खात्याचा पैसा वापरता येईल. तरीही एक फट उरली होती. परदेशातील तळांवर असलेल्या स्त्रिया स्वतःच्या खिशातून पैसे भरून लष्करी रुग्णालयात गर्भपात करून घेऊ शकत होत्या. १९८८ मध्ये रीगन प्रशासनाने ती सोय बंद केली. २२ जानेवारी १९९३ रोजी, सत्तेवर आल्यानंतर दोनच दिवसांनी, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ती पुन्हा सुरू केली. फेब्रुवारी १९९६ मध्ये काँग्रेसने कायद्यात दुसरे कलम जोडले आणि पैसे कोणीही भरले तरी लष्करी रुग्णालयाची जागाच वापरता येणार नाही असे ठरवले. अपवाद जीवाला धोका, बलात्कार आणि जवळच्या नात्यातील अत्याचार यांचा. बलात्कारातून राहिलेल्या गर्भासाठी रुग्णालयाचे दार उघडे होते, पण खर्च मात्र पीडितेनेच करायचा, अशी स्थिती त्यानंतरही बरीच वर्षे टिकली. न्यू हॅम्पशायरच्या सिनेटर जीन शाहीन यांनी सुचवलेल्या दुरुस्तीमुळे, जानेवारी २०१३ मध्ये सही झालेल्या कायद्यापासून, हा खर्च सरकार देऊ लागले.

हाच कायदा आजही लागू आहे. त्याचा प्रत्यक्ष परिणाम असा की लष्करी रुग्णालयांत होणाऱ्या गर्भपातांची संख्या अगदी नगण्य राहिली. २०१६ ते २०२१ या सहा वर्षांत जगभरातल्या सर्व लष्करी रुग्णालयांत मिळून ती शंभरापर्यंतही पोहोचली नाही. बाकी सर्व स्त्रिया तळाबाहेरच्या खासगी दवाखान्यात, स्वतःच्या पैशाने जात होत्या. म्हणजे सैन्याची सारी व्यवस्था एका गृहीतकावर उभी होती: तळाच्या आसपास गावात दवाखाना असेलच. डॉब्ज निकालाने ते गृहीतकच काढून घेतले.

पेंटागॉनने काय केले, काय केले नाही

२० ऑक्टोबर २०२२ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी एक परिपत्रक काढले आणि १६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यावर आधारित तीन धोरणे जाहीर झाली. या धोरणांविषयी इतका गैरसमज पसरला की त्यांतील तरतुदी नीट सांगणे आवश्यक आहे.

पहिली तरतूद प्रवासखर्चाची होती. ज्या ठिकाणी नेमणूक आहे तिथे गर्भपाताची किंवा कृत्रिम गर्भधारणेसारखी सेवा उपलब्ध नसेल, तर ती जिथे मिळते तिथपर्यंत जाण्या-येण्याचा आणि मुक्कामाचा खर्च खाते देणार होते. हा लाभ सैनिकावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांनाही होता. दुसरी तरतूद कामावरून सुटीची: अशा उपचारासाठी, किंवा जोडीदाराला सोबत करण्यासाठी, वार्षिक रजेतून दिवस न कापता जास्तीत जास्त २१ दिवसांची अनुपस्थिती मंजूर करता येणार होती. तिसरी तरतूद गोपनीयतेची. काही विशेष जबाबदाऱ्यांचा अपवाद सोडला, तर गरोदर असल्याचे कमांडरला कळवण्यासाठी सैनिक स्त्रीला २० आठवड्यांपर्यंत मुदत मिळणार होती.

गर्भपाताचा खर्च सरकार देणार, असे यात कुठेही नव्हते. तो खर्च स्त्रीनेच करायचा होता. लष्करी रुग्णालयांवरची बंदीही जशीच्या तशी राहिली.

तिसऱ्या तरतुदीकडे बाहेरच्या चर्चेत फारसे लक्ष गेले नाही, परंतु सैन्यातील जीवनाची थोडीशी माहिती असलेल्याला तिचे महत्त्व लगेच कळते. नागरी नोकरीतील स्त्री आजारपणाचे कारण न सांगता दोन दिवस सुटी घेऊ शकते. सैनिकाला तळापासून दूर जायचे तर वरिष्ठाची मंजुरी लागते, बहुधा कारण सांगावे लागते, आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने आपल्या तुकडीतील वरिष्ठासमोर हे कारण सांगायचे म्हणजे ते तुकडीभर होण्याची भीती तिला वाटणारच. २०२१ च्या पेंटागॉनच्या स्वतःच्या पाहणीनुसार सेवेतील ८.४ टक्के स्त्रियांना त्याआधीच्या वर्षात नको असलेला लैंगिक संपर्क सहन करावा लागला होता, आणि अशा प्रसंगी दोषी व्यक्ती त्याच तुकडीतील असू शकते. बलात्काराचा अपवाद कायद्यात असला तरी त्याचा लाभ घेण्यासाठी कोणाजवळ तरी ते बोलावे लागते. ज्यांना ते बोलता येत नाही, त्यांच्यासाठी ही २० आठवड्यांची मुदत आणि कारणाची वाच्यता न करता मिळणारी सुटी हाच खरा आधार होता.

पैशाचा प्रश्नही किरकोळ नव्हे. २०२३ मध्ये नव्याने भरती झालेल्या शिपायाचा मूळ पगार महिन्याला सुमारे १,९०० डॉलर होता. फोर्ट हूडहून कॅन्ससमधील विचिटा किंवा न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की गाठायचे तर आठशे ते हजार किलोमीटरचा प्रवास, मुक्काम, उपचाराचा खर्च, आणि शेजारच्या राज्यांतून तिथे लोटलेली गर्दी. वरिष्ठ अधिकाऱ्याला हे परवडते. ज्या वयात आणि ज्या हुद्द्यावर अनपेक्षित गर्भधारणेची शक्यता सर्वाधिक असते, त्या वयात आणि त्या हुद्द्यावर ते परवडत नाही.

विरोधकांचा मुद्दा

या धोरणाच्या विरोधात बोलणाऱ्या साऱ्यांना एकाच तराजूत तोलणे योग्य होणार नाही. त्यांच्यातील अनेकांसाठी गर्भ हे मानवी जीवन आहे आणि ते संपवण्याच्या कामी आपल्या करातील एक पैसाही लागू नये ही त्यांची प्रामाणिक श्रद्धा आहे. सरकारी पैसा गर्भपातापासून दूर ठेवणारी पहिली मोठी तरतूद, हाइड दुरुस्ती, १९७६ पासून चालत आली आहे. ती आरोग्य खात्याच्या निधीपुरती आहे आणि संरक्षण खात्याचा कायदा वेगळा आहे, परंतु भूमिका एकच आहे, आणि अनेक दशके दोन्ही पक्षांच्या मतांनी ती टिकून राहिली आहे.

त्यापुढचा मुद्दा सत्तेच्या वाटणीचा आहे, आणि मला तो अधिक वजनदार वाटतो. विरोधकांचे म्हणणे असे की काँग्रेसने पैसा आणि जागा दोन्ही नाकारली, तेव्हा तिचा हेतू उघड होता: सैन्याने गर्भपाताला हातभार लावू नये. अशा वेळी प्रवासाचा खर्च देणे म्हणजे दाराने नाकारलेली गोष्ट खिडकीतून आत आणणे होय. हे धोरण हवे असेल तर ते विधेयक म्हणून मांडावे, मतदान व्हावे, आणि जे होईल ते मान्य करावे.

यावर सरकारच्या बाजूने कायदेशीर उत्तर होते. न्याय खात्याच्या कायदेविषयक सल्लागार कार्यालयाने ३ ऑक्टोबर २०२२ रोजी लेखी मत दिले की कायद्याची बंदी गर्भपात 'करण्यासाठी' निधी वापरण्यावर आहे. प्रवास म्हणजे गर्भपात करणे नव्हे, आणि काँग्रेसला प्रवासही रोखायचा असता तर तिने तसे लिहिले असते. कायद्याची भाषा पाहता हे मत मला टिकण्याजोगे वाटते. परंतु कायद्याच्या अक्षरात बसणारे धोरण आणि संसदेने विचारपूर्वक मान्य केलेले धोरण यांत फरक आहे, आणि अक्षरावर उभे असलेले धोरण सरकार बदलले की एका सहीने पडते. १९९३ मध्ये नेमके हेच घडले होते.

एका सिनेटरची हरकत

फेब्रुवारी २०२३ मध्ये अलाबामाचे रिपब्लिकन सिनेटर टॉमी ट्यूबरव्हिल यांनी या धोरणाविरुद्ध एक असामान्य उपाय योजला. धोरण मागे घेतले जात नाही तोवर सेनाधिकाऱ्यांच्या वरिष्ठ पदांवरील एकही बढती किंवा नेमणूक आपण सहजासहजी मंजूर होऊ देणार नाही, असे त्यांनी ठरवले. राजकारणात येण्याआधी ते महाविद्यालयीन फुटबॉलचे प्रसिद्ध प्रशिक्षक होते, आणि या वेळी सिनेटच्या सेनादलविषयक समितीचे सदस्य होते.

शंभर सदस्यांच्या सभागृहात एकट्याला हे कसे शक्य झाले? अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार सेनाधिकाऱ्यांच्या बढत्यांना सिनेटची मान्यता लागते. दर वर्षी अशी हजारो नावे येतात, आणि एकेका नावावर चर्चा व मतदान घेणे अशक्य असल्याने ती गठ्ठ्याने, सर्व सदस्यांच्या मूक संमतीने मंजूर होतात. ही संमती सर्वांची असावी लागते. एका सदस्याने उभे राहून हरकत घेतली की तो गठ्ठा सुटतो आणि प्रत्येक नावासाठी चर्चा थांबवण्याचा ठराव, ठरावीक तासांची प्रतीक्षा आणि मग मतदान, असा पूर्ण मार्ग चालावा लागतो. म्हणून 'मी कोणालाच अडवत नाही, एकेकाचे मतदान घ्या' हा ट्यूबरव्हिल यांचा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या खरा असला, तरी शेकडो नावांच्या बाबतीत त्याचा अर्थ सिनेटने महिनोन् महिने दुसरे काहीच करू नये असा होत होता. बहुमतातील डेमोक्रॅट नेते चक शूमर यांनीही बराच काळ एकेकाचे मतदान नाकारले, कारण तसे केल्यास सेनाधिकाऱ्याच्या प्रत्येक बढतीवर राजकीय मतदान घेण्याची प्रथा पडेल अशी त्यांना भीती होती.

जुलै २०२३ मध्ये मरीन दलाचे प्रमुख जनरल डेव्हिड बर्जर निवृत्त झाले आणि शतकाहून अधिक काळात प्रथमच त्या दलाला सिनेटने मान्य केलेला प्रमुख उरला नाही. ऑगस्टमध्ये भूदल आणि नौदल यांचीही तीच अवस्था झाली. जनरल एरिक स्मिथ हे मरीन दलाचे उपप्रमुख होते. त्यांना प्रमुखपदाची कामेही करावी लागली, आणि सप्टेंबरमध्ये प्रमुखपदी त्यांची रीतसर नेमणूक झाल्यावरही उपप्रमुखाचे पद रिकामेच राहिल्याने दुहेरी भार तसाच राहिला. २९ ऑक्टोबरला त्यांना हृदयविकाराचा गंभीर झटका आला. या दोन्हींचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे, आपला नाही. परंतु त्या पदावर दोन माणसांचे काम एकजण करत होता हे मात्र नोंदलेले सत्य आहे.

वर्तमानपत्रांत मोठ्या पदांची नावे आली. अडकलेल्या चारशेहून अधिक अधिकाऱ्यांतील बहुसंख्य मात्र एक किंवा दोन ताऱ्यांच्या, म्हणजे सेनापती-श्रेणीतील खालच्या हुद्द्यावर जाणारे, लोकांना अपरिचित असलेले होते. अमेरिकी सैन्यात बदल्या उन्हाळ्यात होतात, कारण तेव्हा मुलांच्या शाळा बंद असतात. घर रिकामे केलेले, सामान बांधलेले, जोडीदाराने नोकरीचा राजीनामा दिलेला आणि बढतीचा आदेश मात्र नाही, अशा स्थितीत ही कुटुंबे महिनोन् महिने राहिली. गर्भपाताच्या धोरणाशी या लोकांचा काहीही संबंध नव्हता. ते त्यांनी केले नव्हते आणि ते त्यांना बदलता येणार नव्हते. ट्यूबरव्हिल यांचा सत्तावाटपाचा मुद्दा मी वर गंभीर म्हटला आहे; तरीही, ज्यांना राजकारणात बोलण्याची मुभाच नाही अशा गणवेशातील माणसांना ओलीस ठेवून तो मांडणे मला अन्यायाचे वाटते, आणि असे वाटणारे केवळ दुसऱ्या पक्षातच नव्हते. सिनेटमधील रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी मे महिन्यातच या मार्गाला आपला पाठिंबा नसल्याचे सांगितले होते. १ नोव्हेंबरच्या रात्री तर डॅन सलिव्हन, जोनी अर्न्स्ट आणि लिंडसे ग्रॅम यांच्यासारखे रिपब्लिकन सिनेटर, ज्यांतील काहींनी स्वतः गणवेशात सेवा केली आहे आणि जे गर्भपाताचे विरोधकच आहेत, एकामागून एक साठांहून अधिक नावे सभागृहात वाचत राहिले आणि ट्यूबरव्हिल प्रत्येक नावाला हरकत घेत राहिले.

ही कोंडी ५ डिसेंबर २०२३ रोजी फुटली. ट्यूबरव्हिल यांनी तीन ताऱ्यांपर्यंतच्या सर्व नावांवरील हरकत मागे घेतली आणि त्याच दिवशी सुमारे ४२५ बढत्या मंजूर झाल्या; चार ताऱ्यांची उरलेली नावे १९ डिसेंबरला सुटली. धोरण तेव्हाही जसेच्या तसे होते. त्याच वर्षी काँग्रेसच्या दुसऱ्या सभागृहाने, प्रतिनिधिगृहानेही वेगळा प्रयत्न करून पाहिला होता. टेक्सासचे प्रतिनिधी रॉनी जॅक्सन यांची, प्रवासखर्चाचे धोरण रद्द करणारी दुरुस्ती संरक्षण विधेयकाला जोडली गेली, आणि एरवी दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने मंजूर होणारे ते विधेयक १४ जुलैला २१९ विरुद्ध २१० अशा निसटत्या मतांनी पुढे गेले. सिनेटने ती दुरुस्ती स्वीकारली नाही, आणि अंतिम कायद्यातून ती वगळली गेली.

किती जणींनी लाभ घेतला

या साऱ्या गदारोळानंतर मार्च २०२४ मध्ये पेंटागॉनने आकडे दिले. जून ते डिसेंबर २०२३ या सात महिन्यांत प्रवासखर्चाची सोय १२ वेळा वापरली गेली आणि त्यावर सुमारे ४५ हजार डॉलर खर्च झाले. त्यांतील किती प्रवास गर्भपातासाठी होते आणि किती कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांसाठी, हे गोपनीयतेमुळे सांगितले गेले नाही.

दोन्ही बाजूंनी हा आकडा आपापल्या परीने वापरला. एवढ्याशा वापरासाठी शेकडो कुटुंबांना वेठीस धरले, असे एकीकडून म्हटले गेले. एवढीच गरज होती तर हा वाद ओढवून घेणारे धोरण आणलेच कशाला, असे दुसरीकडून. माझ्या मते या आकड्यावरून गरजेचा अंदाज बांधणे चुकीचे आहे. सरकारकडून प्रवासखर्च घ्यायचा तर अर्ज करावा लागतो, कागद मागे राहतो, आणि देशाच्या संसदेत याच विषयावर रोज भांडण चालू असताना आपले नाव अशा कागदावर यावे असे किती जणींना वाटेल? शिवाय सुटीची आणि गोपनीयतेची तरतूद वापरून स्वतःच्या पैशाने गेलेल्या स्त्रिया या बारांत मोजल्या गेलेल्या नाहीत.

२०२५ नंतर

डोनाल्ड ट्रम्प पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर २४ जानेवारी २०२५ रोजी त्यांनी सरकारी पैसा गर्भपातापासून दूर ठेवण्याविषयीचा आदेश काढला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस संरक्षण खात्याने गर्भपातासाठीचा प्रवासखर्च बंद केला. काँग्रेसमध्ये जे दोन वर्षांत झाले नव्हते ते एका परिपत्रकाने झाले, कारण ते धोरण आलेही होते परिपत्रकानेच. जीवाला धोका, बलात्कार आणि नात्यातील अत्याचार या तीन प्रसंगांत लष्करी रुग्णालयाची सेवा आजही कायद्याने मिळते. इतर प्रसंगी बंदी असलेल्या राज्यातील तळावरची स्त्री पूर्वीइतकीच दूर आहे आणि त्या अंतराचा खर्च आता पुन्हा तिचा तिलाच करायचा आहे.

निवृत्त सैनिकांच्या खात्याचा प्रश्न याच्याशी जोडूनच येतो. त्या खात्याच्या रुग्णालयांत पूर्वी गर्भपात कोणत्याही कारणाने होत नसे. सप्टेंबर २०२२ मध्ये प्रथमच बलात्कार, नात्यातील अत्याचार आणि आईच्या जीवाला किंवा आरोग्याला धोका या कारणांसाठी तो करण्यास आणि त्याविषयी सल्ला देण्यास परवानगी मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या प्रशासनाने हा नियम मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. सेवेत असलेल्या स्त्रीसाठीचा कायदा काँग्रेसने केलेला असल्याने त्यातील तीन अपवाद कोणत्याही मंत्र्याला एकट्याने काढता येत नाहीत. निवृत्त स्त्रीसाठीची तरतूद मात्र खात्याच्या नियमावर उभी होती, आणि त्यामुळे ज्या अत्याचाराच्या प्रसंगी गणवेशात असताना तिला सरकारी रुग्णालयात उपचार मिळाले असते, त्याच प्रसंगी गणवेश उतरवल्यानंतर ते मिळतील की नाही हे कोण सत्तेवर आहे यावर अवलंबून राहते.